पुढचा ब्रेक

मिस्त्रीने एक्सलवर हातोडीचा शेवटचा ठोका घातला आणि मोटरसायकलचं पुढचं चाक त्याच्या मांडीवर आलं. रिम पार वेडीवाकडी झालेली. नऊ वर्षांपूर्वी पुलाच्या कठड्यावर आपटलं होतं ते हेच चाक. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, तो त्या अपघातातच गेला. आणि अपघाताच्या आदल्या दिवशी पुढच्या ब्रेकला नवे लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, चिकटवून बसवले होते ते यानेच.

"ड्रम उघडायचा कशाला, भावोजी?" दारातून वहिनी म्हणाली. "अख्खं चाक भंगारात टाका आणि नवं बसवा."

नऊ वर्षांत ती या वर्कशॉपची पायरी चढली नव्हती. गाडीही तिने कुलपात ठेवली होती. पण आता पुतणी हट्टाला पेटली. बाबांची गाडी मीच चालवणार, म्हणाली, फक्त ब्रेक असा दमदार हवा की पुन्हा कुणाचा घात होऊ नये. मिस्त्रीने महिनाभर वणवण करून दुसऱ्या एका जुन्या गाडीची ब्रेक प्लेट मिळवली. मूळ प्लेटवरच्या दोन शूंपैकी, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींपैकी, एकच जोरात धरायचा, हिच्यावर दोन्ही धरत. पण ती या ड्रममध्ये बसवायची तर आतलं माप घेतल्याशिवाय इलाज नव्हता.

रस्त्यावर टायर घासल्याची खूणसुद्धा नव्हती, म्हणजे ब्रेक लागलाच नाही, म्हणजे लायनर सुटला, असं तेव्हा चारचौघांनी ठरवून टाकलं. सख्ख्या भावाच्या ब्रेकला ज्याने नीट हात लावला नाही, त्याच्याकडे गाडी कोण देणार? गिऱ्हाइकं तुटली. त्यानेही मान खाली घातली ती घातलीच. तेव्हापासून कुणाचाही ब्रेक जोडला की तो तीन-तीनदा उघडून बघायचा.

पुतणीने टॉर्च जवळ आणला. प्लेट निघाली.

दोन्ही लायनर जागच्या जागी होते, नव्यासारखे जाड. शू फाकवणाऱ्या कॅमवर त्याने लावलेलं ग्रीस तसंच. केबलची एक तारही तुटलेली नव्हती. मागचा ड्रम त्याने सकाळीच उघडला होता, तोही ठणठणीत.

आपली चूक नव्हती! छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. ओरडून सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

ब्रेक चांगला होता. भर दुपार, सरळ रस्ता, समोर कठडा. मग दादाने तो दाबला का नाही?

शेवटच्या महिन्यांतला दादा त्याला आठवला. ताट समोर असून न जेवणारा. तीनदा हाक मारावी तेव्हा कुठे ओ देणारा. पुतणीला नीट दिसायच्या आत त्याने प्लेट बाकावर उपडी घातली.

"काय दिसलं, काका? ब्रेकच फेल झाला होता ना?"

वहिनीने दाराची चौकट घट्ट धरली होती.

"हो," तो म्हणाला. "लायनर नीट चिकटला नव्हता. माझीच चूक."

पुतणीने टॉर्च विझवला.

"आई सांगायची तेव्हा मी तिच्याशी भांडायचे," ती म्हणाली. "काकाच्या हातून असं होणारच नाही, म्हणायचे." आणि मागे न बघता तडक बाहेर निघून गेली.

वहिनी आत आली. तिने ती उपडी प्लेट सुलटी केली आणि जाडजूड लायनरवरून सावकाश बोट फिरवलं.

"मला तेव्हाच माहीत होतं, भावोजी," ती म्हणाली. "पण पोरीला तसा बाप देण्यापेक्षा असा काका देणं मला सोपं गेलं."