ओळख कुणी दाखवायची

"घरी मी येणार नाही," समुपदेशक मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याच काय, कुणाच्याच नाही."

तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली. लेक वारल्यापासून ती दर सोमवारी इथे येत होती, घरी न सांगता. दुकानाच्या दारावर 'जेवायला गेले आहे' अशी पाटी अडकवायची आणि दोन गल्ल्या ओलांडून हा जिना चढायची. कपडे दुरुस्तीचं दुकान तिचं. उसवलेलं, फाटलेलं, आटलेलं, काय म्हणाल ते नीट करून द्यायची. स्वतःचं घर मात्र उसवत चाललं होतं आणि तिथे तिची काही मात्रा चालत नव्हती.

मॅडमकडून तिला नुसत्या बोलण्यापलीकडे बरंच काही हवं असायचं, हेही खरं. आधी तिने त्यांच्या घरचा नंबर मागून पाहिला. रात्री जीव घाबरला तर कुणाशी बोलायचं? नंबर मिळाला नाही. मग एकदा उशी शिवून नेली. तिथली खुर्ची मेली इतकी कुरकुरायची, की ही जरा रडायला लागली की तीपण सुरात सूर मिसळायची. मॅडमनी उशीचं तोंडभरून कौतुक केलं आणि तिच्याच हातात परत ठेवली.

आणि एका शनिवारी तर कहर झाला. भाजीबाजारात मॅडम अगदी समोरून आल्या आणि तिच्याकडे न बघता निघून गेल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी तिने आल्या आल्या जाब विचारला, तेव्हा कळलं की हा त्यांचा नियमच आहे. बाहेर त्या आपणहून कुणालाच ओळख दाखवत नाहीत. आपण इथे येतो हे कुणाला कळू द्यायचं, ते येणाऱ्याने ठरवायचं.

"तुम्ही आधी बोललात तर मी बोलेन," मॅडम म्हणाल्या होत्या. "नाहीतर आपण अनोळखी."

बरं, तेही तिने सोडून दिलं. पण आजचं मागणं तरी केवढंसं होतं? एकदा घरी यावं, नवऱ्याला चार शब्द सांगावेत, बस्स.

नवरा सुतारकाम करायचा. हात सोन्याचे आणि तोंडाला कुलूप. लेकीचं नाव त्याने त्या दिवसापासून एकदाही घेतलं नव्हतं. ही बोलायला गेली की तो उठून रंधा मारत बसायचा. अलीकडे तर बुधवारी संध्याकाळी अवजारांची पिशवी उचलून किरकोळ काम आहे म्हणत बाहेर पडायचा, आणि परत आला की डोळे लाल. भुसा गेला म्हणायचा. सुरुवातीला तिने समुपदेशनाचा विषय काढून पाहिला होता. परक्या बाईपुढे काय रडगाणं गायचं, म्हणाला. तिने तो विषय तिथेच मिटवला आणि स्वतः गुपचूप यायला लागली.

"ते माझं नाही ऐकणार, तुमचं ऐकतील," ती म्हणाली. "नाहीतर मी भावाकडे निघून जाणार. कायमची. भावाला कळवलंय मी."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. ती खुर्चीत पुढे सरकली, मागे टेकली, परत पुढे सरकली. खोली इतकी शांत होती की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्ही स्वतःच विचारून बघा ना त्यांना एकदा," मॅडम शेवटी म्हणाल्या.

झालं. एवढं रामायण सांगून गाडी परत तिच्याच दारात.

जिना उतरता उतरता तिने मनाशी पक्कं केलं. मॅडम घरी येत नाहीत ना, मग घरच उचलून मॅडमसमोर न्यायचं.

शनिवारी तिने नवऱ्याला बाजारात चला म्हटलं. बटाटे जास्त घ्यायचेत, एकटीला उचलणार नाहीत, अशी थाप मारली. भावाकडे न्यायची बॅग कपाटावर भरून ठेवली होती. आज मॅडमपुढेही याचं तोंड उघडलं नाही तर संध्याकाळी ती बॅग खाली काढायची, यात आता बदल नव्हता.

टोमॅटोच्या गाड्यापाशी मॅडम दिसल्या. तिने पाऊल उचललं आणि नवरा नेमका अडला. आधी पलीकडे कांदे बघू म्हणाला. मग गुडघा दुखतोय म्हणाला. मग गर्दी फार आहे म्हणाला. एरवी तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, आणि आज याला वाचा फुटली होती. तिने त्याचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं.

"नमस्कार, मॅडम." तिने एका दमात सांगून टाकलं. "मी येते ना तुमच्याकडे, दर सोमवारी. हे माझे मिस्टर."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"नमस्कार," मॅडम तिला म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांची नजर नवऱ्यावर गेली, आणि वाटेतल्या कुठल्याही माणसावरून जावी तशी पुढे गेली. ना नमस्कार, ना हसू. त्या गाड्याकडे वळून टोमॅटो निवडू लागल्या.

एवढा जीव गोळा करून ती बोलली, आणि बाईंना त्याला साधा नमस्कार करणं जड झालं? तिने नवऱ्याचं मनगट सोडलं. डोळ्यांसमोर कपाटावरची बॅग आली.

नवरा तिथून हलला नाही. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घसा खाकरला.

"नमस्कार, मॅडम," तो म्हणाला. "खुर्ची परत कुरकुरली नाही ना?"