आईच्या पर्समधले कागद

आईच्या पर्समध्ये सापडलेले सहलीच्या जाहिरातींचे दोन चुरगळलेले कागद ऋजुताने बाबांपुढे ठेवले. एकावर गिली एअर, दुसऱ्यावर गिली मेनो. दोन्ही इंडोनेशियातली निवांत बेटं, मोटारगाडीचं नाव नाही. ज्या अपघातात आई गेली, त्यानंतर बाबा गाडीत बसलेच नव्हते.

“वर्षश्राद्ध झालं. आता आढेवेढे नकोत. सांगा, कुठे जायचं?”

“मेनो. तिनं तेच ठरवलं होतं.”

“कधी? मला कशी बोलली नाही?”

बाबांनी मेनोच्या कागदावरल्या कासवाच्या फोटोवर बोट ठेवलं.

“त्या दिवशी, घाटात. ‘अहो, हे कासव बघा तरी,’ म्हणाली.”

गाडी बाबाच चालवत होते. ब्रेक लागले नाहीत, असंच त्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं.

“मी बघितलं,” बाबा म्हणाले.