गळतीची नोंद

धरणाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर सारखा अडकतो म्हणून हेमांगीला तालुक्याहून बोलावलं होतं. तिने हार्ड डिस्क तपासली तर बराच भाग खराब निघाला.

"गळतीची नोंद यातच होते ना, काका?" तिने ऑपरेटर निवृत्तीकाकांना विचारलं.

"हो. वीस दिवस आकडा सेकंदाला बारा लिटरवरच आहे. धरण शांत आहे बघा."

हेमांगीने शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली. डिस्कवर नवं काही लिहिलंच जात नव्हतं. पडद्यावर दिसत होता तो वीस दिवसांपूर्वीचा आकडा. तिने डिस्कचा खराब भाग वगळून नोंद पुन्हा सुरू केली. बाराच्या जागी एकशे चाळीस झळकले.

काकांनी खालच्या गावच्या सरपंचांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. गावातून लग्नाच्या बँडचा आवाज येत होता.