पडद्याची शिवण

वाऱ्याची झुळूक आली तसे खोलीतले तीन पडदे फुगले, आणि चौथा नुसताच हलून खाली बसला.

खोक्याला चिकटपट्टी लावता लावता त्याचा हात थांबला. पुन्हा झुळूक आली, पुन्हा तेच. तिघे उडाले, चौथ्याचं एक टोक मात्र जमिनीला धरून राहिलं, आईचा पदर न सोडणाऱ्या पोरासारखं.

"पडदे राहू द्या हो," मालकीण स्वयंपाकघरातून ओरडली. "सासूबाईंच्या काळातले आहेत, पार विरलेत. कचऱ्यात जायचेत."

त्याने मान खाली घातली. घरफोडीची शिक्षा भोगून बाहेर आल्यावर जो तो दार लावून घेत होता, तेव्हा मुकादमाने त्याला सामान हलवायच्या कामावर घेतलं, ते एका अटीवर. "राजे, हात ओझ्याला लावायचा. नजर कशाला लावायची नाही." ताईने तर सुईदोरा घेऊन त्याच्या पँटचे दोन्ही खिसेच शिवून टाकले होते. "उद्या कुणाचं काही हरवलं तर तुझ्याकडे बोट नको बाबा."

पण नजर ती, जुन्या वाटेने गेलीच. सगळे पडदे पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले, आणि त्या एका टोकाच्या दुमडीवर टाके निळे.

बोलावं, तर विचारतील, तुला रे कसं कळलं? काम जाईल. न बोलावं, तर कुणाच्या तरी आईची ठेव कचऱ्यात जाईल. आणि मागाहून कुणाला आठवली, तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, ते काय सांगायला हवं? त्याने खोकं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. आत काय भरलं होतं तेही आठवेना.

"दादा," शेवटी तो मालकांना म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "त्या पडद्याच्या टोकात काहीतरी आहे."

मालकीण ओल्या हातांनी धावत आली. "अगंबाई! सासूबाईंचं कानातलं! मी तेव्हाच म्हटलं होतं, गेलं कुठे?"

मालकांनी कात्रीने टाके उसवले. जुन्या रुमालाची पुरचुंडी निघाली. पुरचुंडीत दात होते. दुधाचे. तांदळाच्या दाण्यांसारखे, किंचित पिवळे पडलेले.

"दात?" मालकीण खोक्यावरच बसली. "जन्मभर दातओठ खाल्ले माझ्यावर, आणि जपून ठेवले ते लेकाचे!" ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

मालकांची जीभ गालाच्या आतून स्वतःच्याच दातांवरून फिरत होती.

तोही बघत राहिला. अशा पुरचुंड्या त्याच्याही हाती लागल्या होत्या पूर्वी. कधी जावळाची बट, कधी एखादं बटण. सोनं नाही म्हणून चिडून त्याने त्या गटारात भिरकावल्या होत्या. किती, ते आता आठवत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मालकांनी विचारलं.

"अनुभवी माणूस आहे, साहेब," मुकादम दारातून घाईघाईने म्हणाला. हे सावरणं होतं की टोमणा, त्याला उमगेना.

"आधी घरं फोडायचो, दादा," त्याच्या तोंडून निघून गेलं. "आता हलवतो."

मालकिणीचा हात गळ्यातल्या साखळीशी गेला. मुकादम कपाळावर हात मारून जिन्याकडे वळला.

मालकांनी पुरचुंडी पुन्हा बांधली. थोडा वेळ नुसतीच हातात धरली. मग त्याच्या तळहातावर ठेवली.

"माझ्याकडे नको. आजच्या गडबडीत मी हरवीन. तुमच्या खिशात असू द्या. नव्या घरी पोचलो की मागून घेईन."

"अहो..." मालकीण म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं.

हा विश्वास म्हणायचा, की परीक्षा? त्याने मालकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुलपं त्याला कळायची. चेहरे कधी कळले नव्हते.

"राजे, कपाट उचलायचंय!" जिन्यातून हाक आली. "दोन्ही हात लागतील, या लवकर!"

एक मूठ घट्ट मिटून त्याने दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. बोटं टाक्यांवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. ताईने गाठ कुठे मारली होती, तेच सापडेना.