झिंग मारणारी गोळी

थप्पड एवढ्या जोरात बसली की गुनवोरच्या हातातली गाडीची किल्ली बाकाखाली जाऊन पडली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका संशोधन केंद्राच्या व्हरांड्यातले लोक वळून बघू लागले. "बघतेस काय तोंड वर करून? चल घरी," तिचा नवरा स्तूरे खेकसला. जीभ जड, डोळे अर्धमिटे, तोल गेलेला. नर्स मायकेन मध्ये पडली आणि त्याला आत घेऊन गेली.

गुनवोरला थपडेचं नवल नव्हतं. शुक्रवारी दारूच्या सरकारी दुकानातून बाटल्या आल्या की हे ठरलेलंच. दारू मारते, माणूस सोन्यासारखा आहे, असं ती आईला, बहिणीला आणि स्वतःलाही समजावत आली होती. शेवटी तिने बॅग भरली, तेव्हा स्तूरे घाबरला आणि या प्रयोगात नाव देऊन आला. निकोटिन मेंदूत जिथे जाऊन बसतं ती जागा अडवणारी एक गोळी होती. तीच दारूची झिंगही मारते का, हे इथे तपासत होते. गोळी कधी खरी, कधी खोटी; पेल्यात कधी दारू, कधी नुसता रस. कुणाला काय दिलं ते सांगत नसत.

मागच्या आठवड्यात स्तूरे हसतच बाहेर आला होता. नुसता रस पाजला लेकांनी, म्हणाला. घरी आल्यावर त्याने वेलदोड्याचे पाव गरम केले, तिला कॉफी ओतून दिली. दारू नसली की किती गुणी आहे हा, या आनंदात तिने बॅग रिकामी केली.

आता मायकेन बाहेर आली तेव्हा गुनवोर तिच्यापाशी नवऱ्याचीच बाजू घेऊ लागली. आज दारू खरी आणि गोळी खोटी दिली असणार, त्यात त्याचा काय दोष, असं तिचं म्हणणं. मायकेनच्या हातात श्वासातली दारू मोजायचं यंत्र होतं, स्तूरेने नुकतंच फुंकलेलं. ते दाखवायची तिला परवानगी नव्हती. तिने गुनवोरच्या सुजत चाललेल्या गालाकडे पाहिलं आणि यंत्र तिच्यासमोर धरलं. आकडा शून्य होता.

"आज रसच होता. पेल्याच्या कडेला दारूचं बोट फिरवतो आम्ही, वासापुरतं."

गुनवोरने आकडा पुन्हा वाचला. इतकी वर्षं तिने दारूला शिव्या घातल्या होत्या.

"आणि मागच्या आठवड्यात?"

"तेव्हा ते भरपूर प्यायलेले होते. गोळी खरी होती, म्हणून त्यांना ते कळलं नाही, एवढंच."