सरावाचं स्वयंपाकघर

अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली आई कॅथलिक धर्मभगिनींच्या पुनर्वसन रुग्णालयात आली तेव्हा तिला चमचाही धरवत नव्हता. सिस्टरांनी सरावाच्या स्वयंपाकघरात तिला सगळं नव्यानं शिकवलं. आज शेवटची परीक्षा होती: लेकाला चहा करून द्यायचा, की घरी जायला मोकळी. गाळताना दाराबाहेरचं बोलणं तिच्या कानावर पडलं. "तिची खोली मुलांना दिलीय, सिस्टर," लेक सांगत होता. "आणखी काही महिने ठेवून घ्या. तिला कसं सांगू?" दोघं आत आली. आईनं भरलेला कप लेकापर्यंत नीट नेला आणि हातातून सोडून दिला. "मेलं नाहीच जमत," ती म्हणाली. "एवढ्यात नको रे नेऊस मला." "असू दे, आई." लेकाचा जीव भांड्यात पडला. तो गेल्यावर तिनं उरलेला चहा थेंबही न सांडता सिस्टरांच्या कपात ओतला. "तुम्ही तरी घ्या."