व्हॉल्व्ह तापेपर्यंत

“बाजूला व्हा जावईबापू, मी आणतो,” म्हणत दादांनी गिटारचा तो जुना अँप एकट्यानेच जिन्यावरून तळघरात उतरवला.

जावई हात पुढे करून तसाच उभा राहिला. बँडची तालीम याच बिनखिडकीच्या खोलीत व्हायची आणि दर वेळी हा अँप उतरवताना दोघांना घाम फुटायचा.

“मामा, व्यायाम सुरू केलात की काय?”

“तुम्ही पोरं कुरकुरत उचलता, म्हणून जड लागतो.”

जावई हसला. दादा हसले नाहीत. एरवी स्वतःच्या विनोदावर सगळ्यात आधी तेच हसायचे. गेला पंधरवडा ते तालमीला फिरकलेच नव्हते. बहिणीने फोन केला की “कामात आहे” एवढंच सांगायचे.

बहीण म्हणजे बँडची गायिका, आणि जावई तिचाच. त्यामुळे आज तिची इकडे आड तिकडे विहीर झाली होती. दादा आणि जावई दोघेही गिटारवाले, आणि दौऱ्याच्या गाडीत गिटारवाल्याला जागा एकच. ड्रम वाजवणारे मास्तर बँडचे मुख्य. त्यांनी तोडगा काढला होता. दोघांच्या अँपचे आवाज पाठ फिरवून ऐकायचे. ज्याचा उजवा, तो दौऱ्यावर. दुसऱ्याने घरी बसायचं. आणि या वयात घरी बसलेल्या गिटारवाल्याला पुन्हा कोणी बोलावत नाही, हे दादांना कोणी सांगायची गरज नव्हती.

जावयाकडे जेवणाच्या डब्याएवढं डिजिटल खोकं होतं. त्यात जगातल्या तमाम जुन्या अँपांचे आवाज नकलून भरलेले. चालू केलं की त्यावर निळा दिवा लागायचा. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दादा म्हणाले होते, “पावडरचं दूध आहे हे. कितीही ढवळा, त्यातून गाय हंबरणार नाही.” पुढे हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं, की मास्तरांच्या बायकोलाही ते पाठ होतं.

दादांचा अँप म्हणजे अस्सल. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की मागच्या जाळीतून भिंतीवर नारिंगी उजेड पडायचा. वरची फळी अशी गरम व्हायची की सगळे आपापले चहाचे कप तिच्यावर ठेवायचे. बोलण्यात अर्धा तास गेला तरी चहा गरमच.

आज दादांनी अँप भिंतीला चिकटवून ठेवला. दोन पावलं मागे आले, पुन्हा गेले आणि आणखी ढकलला.

“सुरू करू?” मास्तर म्हणाले.

“व्हॉल्व्ह तापू देत. घाईचं काम नाही ते.”

सगळे थांबले. दादा मात्र एका जागी थांबेनात. चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. बहिणीने थर्मासमधला चहा ओतला आणि सवयीने कप अँपवर ठेवला.

“बस की जरा, दादा. परीक्षा अँपची आहे, तुझी नाही.”

“एकच आहे ते,” दादा म्हणाले.

अखेर मास्तर आणि बहीण दाराकडे तोंड करून बसले. दोन्हीवर वाजवणार जावईच. हात एकच असला की भांडण नको, असं त्याचंच म्हणणं. दादा फक्त वायर या अँपमधून त्या अँपमध्ये लावणार.

“मुद्दाम वाईट वाजवणार नाही, मामा.”

“माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते.”

जावयाने एक सावकाश सुरावट वाजवली. दादांनी वायर बदलली. त्याने तीच पुन्हा वाजवली. मास्तरांनी आणखी एकदा ऐकायला मागितली. दादांच्या कपाळावर घाम आला होता.

“दुसरा,” मास्तर म्हणाले. “प्रश्नच नाही. पहिला स्वच्छ आहे, पण दुसऱ्यात जीव आहे.”

जावयाचं मन मोडायचं बहिणीच्या जिवावर आलं होतं. “मलाही दुसराच,” ती शेवटी म्हणाली.

दुसरा दादांचा होता.

जावयाने गिटार खाली ठेवली. “खरं सांगू मामा? मलाही. बोट दाबलं की आवाज आतून उमटतो. मी हरलो. माझं खोकं विकून टाकतो आणि असलाच जुना एखादा शोधतो.”

“विकू नका,” दादा एकदम म्हणाले. मग आवाज उतरवून, “म्हणजे, घाई करू नका. तेही काही वाईट नाही.”

मास्तरांनी भुवया उंचावल्या. “दादा, आणि पावडरचं दूध?”

“जिंकलेल्या माणसाने मोठं मन दाखवावं, मास्तर.”

यावर सगळे हसले. जावयाने खोकं पिशवीत भरलं, मामांच्या पाया पडला आणि मास्तरांबरोबर सामान घेऊन वर गेला. दादा भिंतीला टेकून उभे राहिले. आता कुठे त्यांचा श्वास जागेवर आला.

बहिणीला चहाची आठवण झाली. तिने अँपवरचा कप उचलून तोंडाला लावला आणि थांबली. मग तळहात फळीवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

“चल, दादा. ते वाट बघत असतील.”

“तू हो पुढे. दिवा मी घालवतो.”

पण ती दारापाशी पोचली होती आणि बटणाकडे तिचा हात सवयीने गेलाच. खोलीत अंधार झाला, आणि जुन्या अँपच्या मागे भिंतीवर निळा उजेड दिसू लागला.